अंगावर लावायच्या कॅमेऱ्यासाठी शिआओ ईएसपी३२-एस३ सेन्स: बोर्ड उत्तम, झोप वाईट

शर्टाला क्लिपने अडकवायचा, ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारा आणि जोडीला तापमान, आर्द्रता, हालचाल यांची नोंद कार्डावर लिहीत राहणारा छोटा डबा स्वतः बनवायचा म्हटलं, की पहिलं नाव निघतं ते सीड स्टुडिओ या कंपनीच्या ‘शिआओ ईएसपी३२-एस३ सेन्स’ या छोट्या सर्किट बोर्डाचं. नाव निघावं असाच हा बोर्ड आहे. साधारण १४ डॉलरमध्ये दोन कोअरचा २४० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ८ एमबी पीएसरॅम (कामापुरती मेमरी), ८ एमबी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी), कॅमेरा, मायक्रोफोन, मायक्रोएसडीचा स्लॉट, वाय-फाय, ब्लूटूथ आणि लिथियम बॅटरीचं चार्जिंग, हे सगळं २१ बाय १७.८ मिलीमीटरच्या जागेत मिळतं. कॅमेऱ्याचा वरचा मजला, म्हणजे वर बसणारा वेगळा बोर्ड, धरून जाडी १५ मिलीमीटर. बॅटरीसकट साधारण काड्यापेटीएवढा ऐवज आहे.

पण अंगावर लावायच्या उपकरणात प्रोसेसर किती वेगवान आहे याला फारसं महत्त्व नसतं. महत्त्व असतं ते काम नसताना तो किती वीज पितो याला, आणि नेमका तिथेच हा बोर्ड कच्चा आहे. ही कमतरता माहीत नसताना घेतला तर पदरी निराशा येते. माहीत असेल तर स्वस्तातल्या सुट्या भागांत आणि एका संध्याकाळच्या सोल्डरिंगमध्ये ती भरून काढता येते. म्हणून या आढाव्यात बराचसा मजकूर विजेबद्दलच आहे.

अशा कॅमेऱ्याची कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत तयार झालेला सेन्सकॅम गळ्यात घालायचा. त्याला माशाच्या डोळ्यासारखी रुंद लेन्स होती, आणि प्रकाश, तापमान, हालचाल व समोर माणूस आल्याची चाहूल टिपणारे सेन्सर होते. त्यांच्या संकेतावर, नाहीतर अर्ध्या मिनिटाने, तो फोटो काढायचा. पुढे स्वीडनहून आलेला नॅरेटिव्ह क्लिप मिनिटाला दोन फोटो काढायचा. ती कंपनी २०१६ मध्ये बंद पडली. स्वतः बनवलेल्या डब्यात फोटो थेट आपल्या कार्डावर पडतात आणि कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर काही अवलंबून राहत नाही. खटपट करायला एवढं कारण पुरेसं आहे.

विजेचा हिशेब

कंपनीच स्वतःच्या माहितीपानावर दोन आकडे देते. कॅमेऱ्याचा वरचा बोर्ड काढून ठेवला तर डीप स्लीपमध्ये, म्हणजे प्रोसेसर गाढ झोपलेला असताना, करंट १४ मायक्रोअँप. वरचा बोर्ड लावला की तोच आकडा साधारण ३ मिलीअँप. दोनशे पटींहून जास्त! कंपनीने हे लपवलेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण जाहिरातीत ठळक दिसतो तो पहिला आकडा आणि घेणारा तोच धरून हिशेब करतो.

असं का होतं? कॅमेऱ्याच्या सेन्सरला ‘पॉवर डाउन’ नावाची एक पिन असते. ती वर केली की सेन्सर गाढ झोपतो. या बोर्डावर ती पिन प्रोसेसरला जोडलेलीच नाही. कॅमेऱ्याच्या उदाहरण-प्रोग्राममधली पिनांची यादी पाहा, पॉवर डाउन आणि रीसेट या दोन्हींपुढे उणे एक लिहिलेलं दिसेल. म्हणजे ‘जोडलेली नाही’. शिवाय कॅमेरा, मायक्रोफोन आणि कार्ड हे तिघे मुख्य बोर्डाच्या ३.३ व्होल्टवरच बसलेत. मध्ये कुठे स्विच नाही. प्रोसेसर झोपला तरी वरच्या मजल्यावरचे दिवे चालूच राहतात.

आता याचा परिणाम प्रत्यक्ष पाहू. ५०० एमएएच (मिलीअँप-तास) क्षमतेची बॅटरी घेतली आणि तिच्यातले ४०० वापरात आले असं धरलं. एका फोटोसाठी बोर्ड २ सेकंद जागा राहतो आणि त्या वेळी सरासरी ११० मिलीअँप घेतो, असं हिशेबापुरतं मानलं. दर ३० सेकंदांनी फोटो काढला तर जागेपणाची सरासरी ७.३ मिलीअँप. त्यात झोपेतले ३ मिळवले की १०.३. बॅटरी ३८-३९ तास पुरते. झोपेतली ही गळती पुढे सांगितलेल्या पूर्ण उपायाने थांबवली तर जेमतेम ५४ तास. फरक आहे, पण जीव टाकावा एवढा नाही. दर मिनिटाला एक फोटो असेल तर ६० तासांचे १०५ तास होतात. पाच मिनिटांना एक फोटो असेल तर खरी गंमत दिसते: गळतीसकट १०७ तास, म्हणजे साडेचार दिवस, आणि गळती थांबवल्यावर १९ दिवस. तासाला एक फोटो असेल तर साडेपाच दिवसांचे थेट तीन महिने होतात.

यातून घ्यायचा निर्णय सरळ आहे. दिवसभराची हालचाल टिपणारा, अर्ध्या मिनिटाने फोटो काढणारा आणि रोज रात्री चार्जिंगला लावायचा डबा हवा असेल, तर बोर्ड आहे तसा वापरा, पुढची कापाकापी करू नका. फोटोंमधलं अंतर दोन मिनिटांच्या पुढे जाणार असेल, तर पुढचा भाग टाळता येणार नाही.

अर्धा उपाय आणि पूर्ण उपाय

अर्धा उपाय प्रोग्राममधूनच होतो. झोपण्याआधी सेन्सरला आयटूसीवरून (दोन तारांवरून चिपशी बोलायची पद्धत) स्टँडबायला पाठवायचं. जुन्या बोर्डांवर ओव्ही२६४० हा २ मेगापिक्सेलचा सेन्सर होता. त्यात सेन्सर बँकेतल्या हेक्स ०९ या रजिस्टरचा, म्हणजे सेटिंगच्या कप्प्याचा, ४ क्रमांकाचा बिट १ करायचा. आता येणाऱ्या बोर्डांवर ओव्ही३६६० हा ३ मेगापिक्सेलचा सेन्सर असतो. त्यात हेक्स ३००८ या रजिस्टरचा ६ क्रमांकाचा बिट १ करायचा. बिटांची मोजणी शून्यापासून. प्रोग्राममध्ये आधी सेन्सरचा ओळख क्रमांक वाचून मगच योग्य रजिस्टर निवडा, कारण दुकानात कुठला माल शिल्लक आहे ते सांगता येत नाही, आणि एकासाठीचा आदेश दुसऱ्याला लागू होत नाही. याने गळती कमी होते, पण मायक्रोअँपपर्यंत उतरत नाही. ओव्ही२६४०च्या डेटाशीटमध्येच स्टँडबायचा आकडा ६०० मायक्रोअँप आहे, आणि कार्डाचा खर्च त्याहून वेगळा.

पूर्ण उपाय म्हणजे सबंध बोर्डाचीच वीज तोडायची आणि वेळ झाली की घड्याळाने ती जोडायची. यासाठी डीएस३२३१ हे घड्याळ आणि एओ३४०१ हा तांदळाच्या दाण्याएवढा पी-चॅनेल मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, पुरतो. मॉसफेटच्या तीन पायांपैकी सोर्स बॅटरीच्या अधिक टोकाला, ड्रेन बोर्डाच्या मागच्या बॅटरीच्या अधिक पॅडला, आणि गेट, म्हणजे स्विच चालू-बंद करणारा पाय, घड्याळाच्या इंटरप्ट पिनला (अलार्मचा इशारा देणारी पिन). गेट आणि सोर्सच्या मध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर. घड्याळाला वीज थेट बॅटरीतून द्यायची, मॉसफेटच्या अलीकडून. अलार्म वाजला की इंटरप्ट पिन खाली जाते, मॉसफेट चालू होतो, बोर्ड जागा होतो, सेन्सर वाचतो, फोटो काढतो, कार्डावर लिहितो आणि शेवटी घड्याळातला अलार्मचा फ्लॅग (अलार्म वाजल्याची खूण) पुसतो. फ्लॅग पुसला की पिन सुटते, गेट वर जातं आणि बोर्ड स्वतःच्या हाताने स्वतःची वीज बंद करतो. झोपेत उरतं ते फक्त घड्याळ, शंभर-दीडशे मायक्रोअँप. वरच्या हिशेबात १२० धरलेत.

घड्याळ तसंही लागतंच. प्रोसेसरच्या आतलं झोपेतलं घड्याळ साध्या आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) ऑसिलेटरवर चालतं आणि तापमानाबरोबर सरकतं. बाहेरून ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल जोडावा म्हटलं तर त्याच्या पिना, म्हणजे जीपीआयओ १५ आणि १६, या बोर्डावर कॅमेऱ्याच्या डेटालाइनने अडवल्यात. डीएस३२३१ शून्य ते ४० अंश सेल्सिअसमध्ये दोन पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भागांच्या) आत राहतो, म्हणजे वर्षाला फार तर मिनिटभर इकडेतिकडे. फोटो आणि सेन्सरची नोंद नंतर जुळवायची असेल तर ही अचूकता सोन्यासारखी आहे.

दर मिनिटाला फोटो हवा असेल तर घड्याळाचा दुसरा अलार्म ‘दर मिनिटाला’ या पद्धतीवर ठेवा. मग दर वेळी फक्त फ्लॅग पुसायचा, नवी वेळ लावायची गरज नाही. इतर कुठलंही अंतर हवं असेल तर पहिला अलार्म वापरा आणि प्रत्येक जागेपणी पुढची वेळ लिहा.

झेडएस-०४२ या घड्याळाच्या मॉड्यूलचे चार दोष

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, डीएस३२३१ मागितलं की बहुतेक वेळा हातात पडतं ते झेडएस-०४२ हे निळं मॉड्यूल. स्वस्त आहे, चालतंही. पण जसंच्या तसं लावलं तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

त्याच्यावर एक लाल एलईडी सतत जळत असतो. १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून तो दोनेक मिलीअँप खातो. ३ मिलीअँपची गळती बंद करायला निघालो आणि २ मिलीअँप दिव्यात घातले, असं व्हायला नको. तो आधी काढा.

त्याच्यावर नाण्याच्या सेलचं चार्जिंग करणारी वाटही आहे, एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर. मागे सीआर२०३२ बसवलात तर हा सेल चार्ज करायचा नसतोच. तो फुगतो, गळतो. डायोड किंवा रेझिस्टर, दोनपैकी एक उचला.

तिसरा दोष दिसत नाही म्हणून जास्त छळतो. मॉड्यूलवर ४.७ किलोओहमच्या पुल-अप रेझिस्टरची एक पट्टी आहे. ती आयटूसीच्या दोन्ही तारा मॉड्यूलच्या पुरवठ्याला, म्हणजे आपल्या जोडणीत थेट बॅटरीला, ओढून धरते. भरलेल्या बॅटरीचे ४.२ व्होल्ट ईएसपी३२च्या पिनांवर येतात आणि त्या ३.६ व्होल्टच्या वर झेपणाऱ्या नाहीत. बोर्ड बंद असताना तोच करंट पिनांच्या संरक्षक डायोडमधून उलटा बोर्डात शिरतो. मग बोर्ड धड बंद नाही, धड चालू नाही अशा अवस्थेत लोंबकळतो आणि पुढच्या वेळी नीट उठत नाही. अख्खी पट्टी काढून टाका आणि आयटूसीच्या दोन्ही तारांना बोर्डाच्या ३.३ व्होल्टवरून ४.७ किलोओहम द्या. पट्टीबरोबर इंटरप्ट पिनचा पुल-अपही जातो. त्याची जागा वर सांगितलेला १ मेगओहम घेतो. घड्याळ ४.२ व्होल्टवर असताना त्याला ‘उच्च’ कळायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे २.९४ व्होल्ट लागतात. आपण ३.३ देतोय, तेव्हा ते जुळतं.

चौथी अडचण मॉड्यूलची नाही, मांडणीची आहे. बॅटरी एकदा काढून लावली आणि मॉड्यूलमध्ये नाण्याचा सेल नसेल, तर घड्याळ वेळ आणि अलार्म दोन्ही विसरतं. मग बोर्डाला उठवणारं कोणी उरत नाही. इंटरप्ट पिन आणि ग्राउंडच्या मध्ये एक छोटं बटण ठेवा. दोन-तीन सेकंद दाबून धरलं की बोर्ड उठतो आणि अलार्म पुन्हा लावतो.

चार्जिंगमधली मेख

मॉसफेट मध्ये आल्यावर चार्जिंगचं गणित बदलतं. बोर्डावरचा चार्जर बॅटरीच्या पॅडमधूनच बॅटरीला भरतो, म्हणजे करंट उलट्या दिशेने, ड्रेनकडून सोर्सकडे जातो. मॉसफेट बंद असेल तर तो आतल्या डायोडमधून वाट काढतो आणि तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट हरवतो. चार्जरला पॅडवर ४.२ दिसतात, तो काम संपलं म्हणून थांबतो, आणि बॅटरी मात्र साडेतीनच्या आसपास अडकलेली असते. ‘चार्जिंगचा दिवा विझला, तरी बॅटरी तीन तासांत संपते’ या तक्रारीमागे अनेकदा हेच निघतं.

मॉसफेट चालू असला की तो दोन्ही दिशांना करंट जाऊ देतो. तेव्हा यूएसबी लावलेली असताना तो चालू ठेवायचा. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवरून दोन सारख्या रेझिस्टरची विभागणी करून ती एका रिकाम्या पिनवर वाचा. बॅटरीवर चालताना या ५ व्होल्टच्या पिनवर काहीच नसतं, त्यामुळे यूएसबी आहे की नाही हे नेमकं कळतं. यूएसबी दिसली की एका सेकंदानंतरचा अलार्म लावा आणि तो वाजल्यावर त्याचा फ्लॅग केबल निघेपर्यंत पुसू नका.

चार्जिंगचा करंट कंपनी १०० मिलीअँप सांगते. ५०० एमएएचला पाच तासांहून जास्त लागतात, रात्रभर ठेवायचं असेल तर ते सोयीचंच आहे. बॅटरी संरक्षक सर्किट असलेलीच घ्या. ५०३०३५ अशा क्रमांकाची मिळते, म्हणजे ५ मिलीमीटर जाड, ३० रुंद, ३५ लांब. बोर्डावर बॅटरीसाठी सॉकेट नाही, पाठीमागे उघडे दोन पॅड आहेत. यूएसबीच्या बाजूचा उणे, लांबचा अधिक. उलट जोडलं तर वाचवणारं काही नाही, म्हणून तार लावण्याआधी मल्टिमीटरने खात्री कराच. आणि पाठीवर हीटसिंक चिकटवणार असाल तर तो या पॅडना टेकणार नाही हे पाहा. मिनिटाला दोन सेकंद काम असेल तर हीटसिंकची गरजच नाही. सलग व्हिडिओ दाखवताना मात्र हा बोर्ड चांगलाच तापतो, त्वचेजवळ ठेवू नये इतका.

बॅटरीचं व्होल्टेज मोजायची सोयही बोर्डावर नाही. २०० किलोओहमचे दोन रेझिस्टर घालून डी० या पिनवर अर्धं व्होल्टेज वाचा. विभागणी मॉसफेटच्या पलीकडे घेतली की झोपेत तिचा खर्च शून्य. सोळा वाचनांची सरासरी घ्या, आणि ती कॅमेरा सुरू करण्याआधी. नंतर घेतली तर भाराने खाली बसलेलं व्होल्टेज दिसतं. ३.५ व्होल्टच्या खाली गेलं की फोटो थांबवा, फक्त सेन्सरची ओळ लिहा. ३.४ च्या खाली काहीच लिहू नका. अर्धवट लिहिताना वीज गेली तर फाइलबरोबर फॅटचं टेबलही (कार्डावर कुठली फाइल कुठे आहे याची नोंद) बिघडू शकतं, आणि मग आधीचे दिवसही हातचे जातात.

फोटो कसे येतात

दिवसा, उघड्यावर, चालत्या माणसाच्या छातीवरून: चांगले. माणसं, पाट्या, रस्ता ओळखू येतात. घरात ट्यूबलाइटखाली चालताना: पुसट. सेन्सर लहान आहे, उजेड कमी पडला की तो एक्सपोजर लांबवतो आणि हालचाल फरपटते. शिवाय रोलिंग शटर (चित्र एकेक ओळ करून टिपण्याची पद्धत) असल्यामुळे वळताना दाराच्या चौकटी तिरक्या दिसतात. लिहिलेला कागद वाचता येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

नव्यांना हमखास चकवते ती पहिली फ्रेम. सेन्सर सुरू होताच घेतलेला फोटो काळपट किंवा हिरवट येतो, कारण उजेडाचा आणि रंगाचा अंदाज बांधायला त्याला काही फ्रेम लागतात. चार-पाच फ्रेम घ्या आणि टाकून द्या, पुढची ठेवा. त्या टाकायच्या फ्रेम पूर्ण आकारात घेऊ नका. बफर (फोटोसाठीची मेमरीतली जागा) पूर्ण आकाराचा मागून ठेवा, छोट्या आकारावर सेन्सर स्थिरावू द्या आणि मग आकार वाढवून एक-दोन फ्रेम सोडून खरा फोटो घ्या. जागेपणातला पाव-अर्धा सेकंद वाचतो. बॅटरीच्या भाषेत ही बचत मोठी आहे. पीएसरॅमची सुरुवातीची चाचणी बंद केली तर आणखी थोडा वेळ सुटतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ सुरूच करू नका. फोटो पाहायला कार्ड काढणं सोपं पडतं.

आर्डुइनो या प्रोग्राम लिहायच्या साधनातून काम करत असाल तर टूल्स मेनूत पीएसरॅम ‘ओपीआय’वर ठेवल्याशिवाय कॅमेरा पूर्ण आकाराचा फोटो देत नाही. ‘कॅमेरा सुरू होत नाही’ म्हणताना आधी हे पाहा. दुसरं पाहायचं ते कॅमेऱ्याच्या पट्टीचं कनेक्टर. ते ‘टक’ असा आवाज होऊन सपाट बसायला हवं. एक कडा उचललेली असली तरी बाहेरून नीट बसल्यासारखंच दिसतं.

सोबत येणाऱ्या लेन्सचा कोन साधारण ६५ अंश. टेबलावर ठेवायला ठीक, छातीवर अपुरा. समोर बसलेल्या माणसाचं डोकं कापलं जातं. १२० अंशांची मॉड्यूल वेगळी मिळतात आणि त्याच कनेक्टरमध्ये बसतात. अंगावर लावायला तीच घ्या. पट्टी मात्र शक्य तितकी आखूड निवडा, लांब पट्टीवर चित्रात रेघा उमटायला लागतात. गळ्यातल्या दोरीला टांगलेला डबा चालताना झुलतो आणि निम्मे फोटो पोटाकडे किंवा छताकडे बघतात. खिशाच्या पट्टीला घट्ट क्लिप आणि लेन्स पाच-दहा अंश वर, हे जास्त बरं पडतं.

कार्ड आणि नोंदी

कार्ड ३२ जीबीपर्यंत आणि फॅट३२. १६०० बाय १२०० चा एक फोटो १०० ते ३०० केबी होतो. मधला २०० धरला, तर मिनिटाला एकप्रमाणे बारा तासांचे १४४ एमबी. ३२ जीबी सात महिने पुरतं, त्यामुळे मोठ्या कार्डाच्या मागे लागू नका. चांगल्या कंपनीचं साधं कार्ड घ्या. पूर्ण उपाय केला नसेल, तर कार्डाची झोप महत्त्वाची ठरते आणि ती कंपनीगणिक वेगळी असते.

सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकलेत तर दिवस जातील तसा बोर्ड जास्त वेळ जागा राहतो. फॅटमध्ये फाइल शोधायची म्हणजे यादी पहिल्यापासून चाळायची. हजार फोटोंनंतर ते जाणवतं, पाच हजारांनंतर बॅटरीवर दिसतं. दिवसाला एक फोल्डर, त्यात तासाला एक, आणि फाइलचं नाव मिनिट-सेकंदाचं, आठ अक्षरांच्या आत. लांब नाव दिलं की एका फाइलच्या यादीत अनेक ओळी जातात. वीज पूर्ण तुटत असल्यामुळे प्रोसेसरला मागचा आकडा आठवत नाही, तेव्हा नाव घड्याळावरूनच बनवणं सगळ्यात भरवशाचं.

फाइल बंद केल्यावर लगेच वीज तोडू नका. कार्डाच्या आत लिहिणं थोडा वेळ चालूच असतं. २०० मिलीसेकंद थांबा, मगच फ्लॅग पुसा. आणि याच्या उलट बाजूची काळजी: कार्ड सैल झालं, प्रोग्राम कुठे अडकला, तर फ्लॅग पुसला जाणारच नाही आणि बोर्ड बॅटरी संपेपर्यंत जागा राहील. म्हणून बोर्ड उठताक्षणी दहा सेकंदांचा टायमर लावा. काम होवो न होवो, यूएसबी नसेल तर त्याने फ्लॅग पुसलाच पाहिजे. ही एक गोष्ट राहून गेली तर बाकी सगळी काटकसर एका सैल कार्डाने वाया जाते.

कार्डाची निवड-पिन जीपीआयओ २१ आहे आणि बोर्डावरचा छोटा एलईडीही त्याच पिनवर आहे. लिहिताना तो लुकलुकतो. चांगलंच आहे, डब्याला तिथे एक बारीक भोक ठेवा. समोरच्याला कॅमेरा चालू असल्याचं दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेन्सवर सरकणारं झाकण. लोकांच्या घरात, दवाखान्यात, देवळात हा डबा अंगावर असणार आहे. कार्डावरचे फोटो कुलूपबंद नसतात, कार्ड ज्याच्या हाती जाईल त्याला सगळं दिसतं. मायक्रोफोन तर या कामासाठी सुरूच करू नये.

सेन्सरसाठी आयटूसीच्या डी४ आणि डी५ मोकळ्या आहेत. डी८, डी९, डी१० कार्डाने घेतल्यात. तापमान, आर्द्रता, हवेचा दाब यांना बीएमई२८० पुरतो, पण बोर्डाला चिकटवलात तर हवेचं नव्हे, बोर्डाचं तापमान दाखवेल. डब्याच्या विरुद्ध कोपऱ्यात, भोकाजवळ बसवा, आणि बोर्ड उठल्यावर सगळ्यात आधी तोच वाचा. हालचालीवर फोटो हवा असेल तर एलआयएस३डीएच चालतो. फक्त त्याची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट आहे, तो थेट बॅटरीवर टाकू नका. एमसीपी१७०० हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर त्याच्यासाठी वेगळा द्या, तो स्वतः दोनेक मायक्रोअँपच घेतो. एलआयएस३डीएचची इंटरप्ट पिन एका छोट्या एन-चॅनेल मॉसफेटमधून त्याच गेटला जोडली, की अलार्म किंवा हालचाल यांपैकी जे आधी होईल त्यावर बोर्ड उठतो.

इतर पर्यायांशी तुलना

एआय-थिंकरचा ईएसपी३२-कॅम स्वस्त आहे, पण त्यावर यूएसबी नाही, चार्जिंग नाही आणि त्याचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच साधारण ५ मिलीअँप बसल्याजागी खातो. अंगावर लावायला तो घेऊ नये. एमफाइव्हस्टॅकच्या टायमर कॅमेऱ्यात घड्याळ आणि वीज तोडायची सोय मुळातच आहे, झोपेत २ मायक्रोअँप. विजेच्या बाबतीत तो शिआओच्या कितीतरी पुढे. पण त्यात मेमरी कार्डाचा स्लॉट नाही, आणि नोंदवहीसारखं काम कार्डाशिवाय होत नाही. म्हणून एवढ्या दुरुस्त्या करूनही माझं मत शिआओकडेच झुकतं. पुढच्या आवृत्तीत कंपनीने वरच्या बोर्डाला एक लोड स्विच आणि एक पिन दिली, तर हा मजकूर निम्म्याने कमी होईल.

जोडणी झाल्यावर झोपेतला करंट मोजल्याशिवाय डबा बंद करू नका. नॉर्डिकचं करंट मोजायचं पॉवर प्रोफायलर किट २ हाताशी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बॅटरीच्या उणे तारेत १० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या दोन टोकांवर जंपर लावून तो बायपास करा. बोर्ड झोपला की जंपर काढून रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट वाचा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँप. जागेपणी जंपर हवाच, नाहीतर ३०० मिलीअँपच्या झटक्याला रेझिस्टरवर ३ व्होल्ट जातील आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत राहील. ३० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले तर मॉसफेट बंद होत नाहीये. २० दिसले तर मॉड्यूलवरचा लाल दिवा अजून जळतोय. दीडच्या आत आले की झाकणाचे स्क्रू आवळायला हरकत नाही.